जानेवारीचं माप

कमलाकांत विजयकरला मोजायची भारी हौस. ठाकुरद्वारच्या घरी गवळी आला की तो आधी मापाकडे बघायचा आणि मग गवळ्याच्या तोंडाकडे. मुलगी बघायला गेला तेव्हा हा मनुष्य जिन्याच्या पायऱ्या मोजत वर चढला, असं त्याची बायको नलू चारचौघांत सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. अशा माणसाला एका इस्टेट कंपनीच्या इमारत खात्यात नोकरी मिळाली, म्हणजे माशाला पाणीच मिळालं.

कंपनीच्या भाड्याने दिलेल्या तीन इमारती होत्या. एक गिरगावात, एक दादरला, एक परळला. तिन्हींत कचेऱ्या आणि दुकानं. भाड्यातच वीज धरलेली, त्यामुळे भाडेकरू पंखा चालू ठेवून खुशाल जेवायला जात. १९५६च्या जूनमध्ये खात्याचे प्रमुख मनमोहन त्रिलोकेकर यांनी कमलाकांतला बोलावून सांगितलं, "विजयकर, या तिघींत जास्त वीज कोण खातं ते शोधा. नुसती बिलं लावू नका हं. मोठी इमारत जास्त खाणारच."

कमलाकांतचा चेहरा खुलला. टेप घेऊन तो तीन आठवडे जिने, बोळ आणि खोल्या मोजत हिंडला. मग प्रत्येक इमारतीचे युनिट घेऊन त्याने हजार चौरस फुटांमागे किती पडतात ते काढलं. आता लहान-मोठी इमारत एका रांगेत आली. पुढे त्याने आणखी डोकं लढवलं. तुलना करायची ती जानेवारीची करायची. थंडीत पंखे बंद असतात, तेव्हा दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप एवढंच उरतं आणि उधळपट्टी उघडी पडते. फायलीत एकच जानेवारी होता, त्याच वर्षीचा. गिरगाव एकशे चाळीस, दादर एकशे नव्वद आणि परळ दोनशे साठ.

त्रिलोकेकर साहेबांनी कागद दोनदा वाचला. "वा! म्हणजे एकशे चाळीस हे आपलं माप. गिरगावला जमतं ते परळला का जमू नये?" जाता जाता ते म्हणाले, की इमारत खात्याला एक सुपरिंटेंडेंट नेमायचा विचार चाललाय. कमलाकांत त्या दिवशी घरी जाताना बायकोसाठी गजरा घेऊन गेला.

परळच्या इमारतीचं सगळं धोंडू परब बघायचा. त्याला वायरमन म्हणा, पंपवाला म्हणा, रखवालदार म्हणा. लिफ्ट अडली तरी धोंडू आणि नळ गळला तरी धोंडू. मालवणकडचा माणूस, वीस वर्षं तिथेच. गच्चीवर टाकीशेजारी कंपनीने दिलेल्या खोलीत तो आणि त्याची बायको सुभद्रा राहत. साहेबांचा हुकूम कमलाकांतनेच त्याला वाचून दाखवला. पुढच्या जानेवारीत इमारत एकशे चाळीसवर आली पाहिजे. नाही आली, तर काम कंत्राटदाराकडे जाईल आणि खोली खाली करावी लागेल.

धोंडूने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "गिरगावच्यांनी करून दाखवल्यानी?"

"दाखवलंय."

"मग बघतंय, साहेब."

आणि त्याने खरंच बघितलं. टाकी भरून वाहायची आणि पंप तसाच चालू राहायचा; धोंडूने तिचा पाणी अडवणारा तरंगता गोळा बदलला. इमारतीच्या मधल्या चौकाच्या भिंतींना स्वतः चुना काढला, त्यामुळे आतल्या खोल्यांत दुपारी चारपर्यंत दिव्याची गरज उरली नाही. वर्षानुवर्षांची काजळी धरलेल्या काचा सुभद्रेने राखेने घासल्या. जिन्यात साठचे दिवे होते तिथे पंचवीसचे आले. पहिल्या मजल्यावर जाणाऱ्या धडधाकट माणसाला तो लिफ्टशी हात जोडून सांगे, "शेट, चार पायऱ्या चढा, भूक लागेल." दर महिन्याला कमलाकांत मीटर बघायला जायचा, आणि आकडा दर महिन्याला खाली आलेला असायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब त्याने पुष्कळ पाहिले होते. हा माणूस मात्र जमिनीवर बसून एकेक युनिट वेचत होता. कमलाकांतला त्याचं मनापासून कौतुक वाटू लागलं. सुभद्रेच्या हातचा चहा पिऊन तो गच्चीवर अर्धा तास गप्पा मारत बसायचा.

डिसेंबरात असाच बसलेला असताना त्याने सहज विचारलं, "धोंडू, आता एवढी वीज वाचते, मग गेल्या जानेवारीत ती गेली कुठे रे?"

धोंडूने हातातली कपबशी खाली ठेवली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती कपबशा उचलून आत गेली.

"साहेब, तुम्ही घरचे म्हणून सांगतंय. त्या आठवड्यात हय गोळीबार चलललो, तुमका ठाऊक आसा. मुंबई म्हाराष्ट्राक देवची नाय असां सरकारान ठरवल्यान म्हणान लोक रस्त्यार इलले. खाली डॉक्टरांचो दवाखानो आसा ना, थय माणसां आणून टाकी होते. लालबागची, परळची. इस्पितळात गेलो तर पोलीस नाव लिवून घेतले, म्हणान हयच. सात दिवस सात रात्री दिवे विझूक नाय. पाणी उकळूक विजेच्यो दोन शेगड्यो. रक्त धुवूक पाणी, म्हणान पंप सारखो चालू. तळमजल्याचो बोळ भरललो. मीच बटणां लावलंय सगळी." त्याने जिन्याकडे एकदा पाहून घेतलं. "डॉक्टरांनी वहीत एकाचा नाव लिवलां नाय. पण खटले अजून चलतत. ह्यां भायर गेलां तर डॉक्टर जातले, आणि ती माणसां पण."

"माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही," कमलाकांत म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

गिरगावात उतरून घरी जाताना तो कंपनीच्या तिथल्या इमारतीवरून गेला. रोजच जायचा. आज तो तिथे थबकला. जाळीचा दरवाजा उघडा होता, लिफ्टमन रघु स्टुलावर बसून विडी ओढत होता, वर सगळ्या मजल्यांवर दिवे होते. आणि कमलाकांतला त्या जानेवारीतला हाच दरवाजा आठवला. कुलूप लावलेला. तेव्हा कर्फ्यू होता, आणि तो स्वतः घरात बसून शेजाऱ्यांबरोबर पत्ते कुटत होता. गॅलरीत आला की समोर ते कुलूप दिसायचं. नऊ दिवस. ऐन महिन्यातले नऊ दिवस त्या इमारतीत कुत्रंसुद्धा शिरलं नव्हतं, आणि त्यानंतरही आठवडाभर कचेऱ्या तीन वाजताच बंद होत होत्या. त्रिलोकेकर साहेब तेव्हा माथेरानला होते. त्यांना कुठून कळणार? पण याने तर डोळ्यांनी पाहिलं होतं. पायऱ्या मोजणाऱ्या या माणसाला तेवढे नऊ दिवस मोजायचे सुचले नाहीत.

एकशे चाळीस हे काटकसरीचं माप नव्हतंच. ते कुलपाचं माप होतं. आणि परळचे दोनशे साठ म्हणजे उधळपट्टी नव्हती. त्याच आठवड्याने एका इमारतीला शहाणं ठरवलं आणि दुसरीला उधळी, आणि ते ठरवणारा हात कमलाकांतचा होता.

रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. नलूने विचारलं तेव्हा त्याने दवाखान्याचा भाग वगळून बाकी सांगितलं.

"अहो, मग त्यात काय एवढं? चूक झाली म्हणून साहेबांना सांगून टाका."

"सांगणारच आहे."

"कधी?"

"एकदा जानेवारीचं बिल येऊ दे. पुराव्याने सांगेन."

नलूने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आमटी वाढली. पुराव्याची गरज कुणाला होती, ते तिलाही कळलं असावं. सुपरिंटेंडेंटची नेमणूक फेब्रुवारीत ठरायची होती.

फेब्रुवारीत बिलं आली. परळ एकशे सत्तर. दोनशे साठवरून एकशे सत्तर! आणि गिरगाव, आपलं लाडकं आदर्श गिरगाव, उघड्या दरवाजाचं आणि धावत्या लिफ्टचं, दोनशे दहा. दादर होतं तिथेच. म्हणजे कमी वीज खाण्यात तिन्ही इमारतींत आता परळ पहिलं होतं. कमलाकांतने गिरगावचं बिल हातात धरलं. पुरावा हवा होता, तो मिळाला होता. साहेबांचं दार दहा पावलांवर होतं. त्याने ते बिल फायलीत सर्वांत खाली सरकवलं. "उद्या," तो स्वतःशी म्हणाला.

उद्या उजाडला आणि धोंडूलाच बोलावणं गेलं.

कधी नव्हे तो धोंडू कोट घालून आला होता. टोपी हातात धरून तो टेबलापुढे उभा राहिला. कमलाकांत बाजूच्या खुर्चीत फाईल मांडीवर घेऊन बसला होता.

"एकशे सत्तर," त्रिलोकेकर साहेब म्हणाले. "कमी केलेत, मान्य आहे. पण याचा अर्थ इतकी वर्षं उधळपट्टीच चालली होती. गेल्या जानेवारीत दोनशे साठ! गिरगावला एकशे चाळीस लागतात आणि तुम्हाला दोनशे साठ? काय करत होतात काय त्या महिन्यात?"

धोंडूने मान वर केली. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही, कमलाकांतकडे पाहिलं. थेट आणि बराच वेळ. कमलाकांतला वाटलं, हा डोळ्यांनी विनवतोय, दवाखान्याचं बोलू नका म्हणून. त्याने अगदी बारीक मान हलवली, नाही बोलणार अशी. आणि त्यातच त्याला बरं वाटलं. आपण एका माणसाला दिलेला शब्द पाळतोय असं वाटलं.

पण दवाखान्याचं नावही न काढता बोलता येत होतं. "साहेब, गिरगावची इमारत त्या महिन्यात बंद होती, माप चुकलं, चूक माझी." एवढंच. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. गिरगावचं बिल त्याच्या मांडीवर होतं. त्याने फाईल घट्ट धरली आणि तो मूग गिळून बसला.

"सांगा की," साहेब म्हणाले.

धोंडूने नजर खाली केली. "दिवे चालू राहिले, साहेब. माझी चूक."

पंधरा दिवसांत धोंडूची खोली खाली झाली. एप्रिलपासून कमलाकांत सुपरिंटेंडेंट झाला. त्याच्या पद्धतीचं खात्यात नाव झालं. पुढे कंपनीने घेतलेल्या दोन इमारतींनाही तेच माप लावलं गेलं. दोन्हींनाही ते कधी गाठता आलं नाही, आणि का, हे ठाऊक असलेला एकच माणूस खात्यात होता. तो दर जानेवारीला 'मापापेक्षा जास्त' असा शेरा लिहून खाली सही करत असे. परळला जायची वेळ आली की तो हाताखालच्या माणसाला पाठवी. घरी नलूने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि तिने काढावा असं त्याला कित्येकदा वाटलं. शिव्या खाल्ल्या असत्या तर निदान कुणीतरी त्या बाबतीत बोललं असतं.

अशी तीन वर्षं गेली. १९६०च्या एप्रिलात मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य व्हायचं ठरलं. एक मेला रोषणाई करायची होती, आणि साहेबांनी सांगितलं, "परळची इमारत झगमगली पाहिजे, विजयकर. वरपासून खालपर्यंत." वायरमन शोधायला कुणालाही पाठवता आलं असतं. कमलाकांत स्वतः निघाला. दवाखान्यात चौकशी केली तेव्हा डॉक्टरांनी लालबागच्या एका मोटर दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला.

धोंडू दुकानाच्या फळीवर बसून मोटरची जुनी तार उलगडत होता. केस पांढरे झाले होते. त्याने कमलाकांतला ओळखलं, उठून स्टूल पुढे केलं आणि समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले. सुभद्रा गावी असते म्हणाला. इथे चाळीत सहा माणसांच्या खोलीत तिला कुठे ठेवणार?

कमलाकांतने चहा तसाच ठेवला. तीन वर्षं पाठ केलेलं त्याने एका दमात बोलून टाकलं. "धोंडू, तुला एक सांगायचंय. गिरगावची इमारत त्या जानेवारीत नऊ दिवस बंद होती. माप खोटं होतं. मला ठाऊक होतं. त्या दिवशी साहेबांपुढे मी बोलायला हवं होतं."

धोंडूचे हात तार उलगडतच राहिले.

"माका ठाऊक होतां, साहेब."

"काय?"

"गिरगाव बंद होतां ता. थयलो लिफ्टमन रघु माझो गाववालो. त्याका विचारूक गेललंय, कसां काय एकशे चाळीस करतास म्हणान. तो हसाक लागलो." धोंडूने तारेचा एक वेढा सोडवला. "पण मी कसां बोलतलंय? मी गिरगावचां काढलां असतां तर साहेब परळचां इचारतले. मग डॉक्टरांचां नाव इलां असतां. तुम्ही बोललास असतास तर थयच मिटलां असतां. माप तुमचां."

"म्हणजे तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास, ते..."

"मी वाट बघी होतंय. माका वाटलां, आता सांगशात. फाईल हातात होती तुमच्या." तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता, आणि तेच कमलाकांतला सोसेना. "मगे तुम्ही मान हलयलात. नाय म्हणान. तेव्हा समजलंय."

रस्त्यावरून लाऊडस्पीकर बांधलेली गाडी घोषणा देत गेली. कमलाकांतला मान हलवल्याचा तो क्षण आठवला, आणि तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं होतं तेही आठवलं. क्षमा मागायला म्हणून तो स्टुलावरून उठला.

"ऱ्हवां दे, साहेब," धोंडू म्हणाला. त्याने तारेचं भेंडोळं बाजूला ठेवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवरचा पुठ्ठा पुढे ओढला. "रोषणाई आमच्या परळच्या बिल्डिंगेची ना? मी येतंय. त्या सात दिवसांतल्या माणसांची आसा ती, माका करूकच होयी. फुटां सांगा. किती लांब, किती उंच."

कमलाकांत सांगू लागला. टेप काढायची गरज नव्हती. त्या इमारतीचा एकेक फूट त्याला तोंडपाठ होता.