दोन नंबरच्या सिलिंडरची बारी

नीतूला लायसन मिळालं आणि गाडी सुखरूप अंगणात परत आली. पण गुरुवारचा तो प्रवास झालाच नाही असं आमच्या घरात ठरलेलं आहे, म्हणून हे वाक्य मी मागे घेतो. नीतूला लायसन मिळालेलं नाही. गाडी बंद आहे. आता सांगतो.

आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले आणि त्याहून जास्त काळ तलावाचं पाणी वाटण्यात घालवला. आजोबा गेले तेव्हा धानाच्या बांध्या चौघा भावांत वाटल्या, पाण्याच्या बाऱ्या, म्हणजे पाळ्या, वाटल्या, आणि गाडी उरली. चाकांप्रमाणे वाटावी तर स्टेपनी पाचवी निघते आणि पाचवा भाऊ नाही. शेवटी सिलिंडरप्रमाणे वाटली. पहिलं सिलिंडर मोठे बाबा उमराव यांचं, दुसरं लीलाधरबाबांचं, तिसरं माझ्या बाबांचं, म्हणजे शालीकरामांचं, आणि चौथं गजेंद्रकाकांचं. ज्यानं त्यानं आपापला प्लग आणि आपापली वायर सांभाळायची. दुसऱ्याच्या सिलिंडरला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीत नांगर घालणं. गाडी या व्यवस्थेत बरी चालायची. तिला वाटणीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

मग ती सुरू होईना. नेमक्या त्याच आठवड्यात.

लीलाधरबाबांची मुलगी नीतू. अर्जुनीच्या एका शाळेनं मुलींसाठी व्हॅन घेतली होती आणि त्यांना बाई ड्रायव्हर हवी होती. नीतूनं गाडी शिकून घेतली, लर्निंग काढलं. गुरुवारी अर्जुनीत लायसनचा कॅम्प होता. त्यात पास झाली तर व्हॅन तिची, नाही तर साकोलीची एक मुलगी वाट पाहून होतीच. आणि परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते.

"प्लग मेले, वायरी बी फुटल्या," नीतू बोनेटमधून डोकं काढत म्हणाली. "मी जातो गोंदियाले, चारी आनतो."

"माहा प्लग तू कायले आनशील?" मोठे बाबा म्हणाले. "माहा मी पाहीन."

म्हणून सकाळच्या पॅसेंजरनं चार भाऊ, नीतू आणि मी असे सहा जण चार प्लग आणायला गोंदियाला गेलो.

दुकानदार वीरेंद्रभाऊ यांनी एक डबा काउंटरवर ठेवला. "चारों एक जैसे डालो चाचा, झंझट खतम."

"एक जैसे कसे?" मोठे बाबा म्हणाले. "मी मोठा हाव ना."

त्यांनी सगळ्यात महागाचा, इरिडियमचा घेतला. लीलाधरबाबांनी चौकशी केली की मोठ्या बाबांच्या खालचा पण शालीकरामच्या वरचा कोणता. वीरेंद्रभाऊंनी शांतपणे तसा एक काढून दिला. माझ्या बाबांनी साधा घेतला, पण डबा चांगला पाहून. गजेंद्रकाकांनी जुनाच प्लग खिशातून काढला आणि पॉलिश पेपर मागितला.

"गॅप सबका बराबर रखना," वीरेंद्रभाऊ म्हणाले.

"माहा थोडा जास्त ठेव," लीलाधरबाबा हळूच म्हणाले.

वायरींचा मात्र सेटच येतो. चार वायरी, चार लांब्या. आमच्याकडे नहराच्या शेवटाला असणाऱ्याला लांब पाट आणि थोडं पाणी मिळतं, त्यामुळे लांब वायर कोणाला नको होती. दुकानाच्या पायरीवर चौघं भाऊ वायरी वितीनं मोजत बसले. तोवर लीलाधरबाबांनी सेटचं खोकं उलटं केलं आणि मागचं छापील मोठ्यानं वाचलं.

"फायरिंग ऑर्डर. एक, तीन, चार, दोन." मग पुन्हा वाचलं. "म्हंजे काय बे?"

"आग लगने का नंबर," वीरेंद्रभाऊ म्हणाले. "पहले एक में लगती, फिर तीन में, फिर चार में. दो में आखरी."

लीलाधरबाबांनी खोकं खाली ठेवलं.

"मंग इतके वर्सं," लीलाधरबाबा म्हणाले, "शालीकरामची बारी माह्या आंधी लागून रायली होती? आन या गजेंद्राची बी?"

"सब गाडी में ऐसाच रहता चाचा."

"तुह्या घरी बी लहान्याले आंधी वाढतेत का?"

"मले तं मालूम बी नव्हतं, दादा," माझे बाबा म्हणाले. पण ते थोडे हसले. त्यांनी हसायला नको होतं.

परतीच्या गाडीत चौघं भाऊ चार खिडक्यांशी बसले. लीलाधरबाबांनी दोन नंबरची वायर मांडीवर घेतली होती.

बुधवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपली बारी दुसरी लागल्याशिवाय आपण प्लग बसवू देणार नाही. नीतूची आई शकुंतलाबाई धान पाखडता पाखडता म्हणाली, "पोरीची नोकरी जाऊन रायली, आन तुमी वायरीची बारी धरून बसले."

"नोकरी येते जाते. बारी एकडाव गेली का गेली."

यावर गावात एकच अधिकारी माणूस होता. ओमेश पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं ते तोच ठरवतो. तो खांद्यावर फावडं घेऊन आला, उघड्या बोनेटसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ इंजिन पाहत राहिला.

"तोंड कोनतं आन शेपूट कोनती?" त्यानं विचारलं.

नीतूनं फॅनच्या पट्ट्याकडची बाजू दाखवली.

"मंग तोंडापासून क्रमानं सोडा. एक, दोन, तीन, चार. यात काय पाहाचं?" त्यानं निकाल दिला, चहा घेतला आणि फावडं उचलून गेला.

निकालाप्रमाणे वायरी लावल्या. नीतूनं चावी फिरवली. गाडीनं एक मोठा बार काढला, सायलेन्सरमधून काळा गोळा निघाला आणि शेजारच्या निर्मलाबाईंची म्हैस पाट ओलांडून गेली. ती दुपारी सापडली.

"बारी तं बरोबर लागली," लीलाधरबाबा समाधानानं म्हणाले. गाडी चालत नाही हा त्यांच्या मते वेगळा विषय होता.

नीतू बोनेटला टेकून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण हाताला ऑइल लागलेलं, पुसता येईना. मग तिनं काडी घेतली आणि अंगणातल्या मातीत एक वर्तुळ काढून त्यावर खोक्यावरचे आकडे क्रमानं मांडले.

"बाबा, इकडे या. एकानंतर कोन?"

"शालीकराम."

"मंग?"

"गजेंद्र. मंग मी. आखरी."

"आन तुमच्यानंतर?"

"माह्यानंतर काय? खतम."

"इंजिन खतम होते का? फिरतच रायते ना. तुमच्यानंतर मोठे बाबा."

लीलाधरबाबांनी वर्तुळाला एक फेरी मारली. मग दुसरी. दोनवर येऊन थांबले आणि तिथून मोजलं. "मी. मंग दादा. मंग शालीकराम. मंग गजेंद्र." त्यांनी मान वर केली. चेहरा असा की तलाव भरून सांडवा वाहायला लागला. "म्हंजे मी पहिला हाव?"

"कुठून मोजता त्याच्यावर हाय," नीतू म्हणाली. "तुमी तुमच्यापासून मोजा. पन चूप रहा."

त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्या वायरी खोक्यावरच्या क्रमानं लावल्या. गाडी पहिल्या चावीत सुरू झाली.

गुरुवारी चारही भाऊ गाडीत बसले, कारण आपलं सिलिंडर कामाला लावून आपण घरी बसणं बरं दिसत नाही. मी डिकीत. प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत लीलाधरबाबा चूप राहिले. मग त्यांना राहवलं नाही.

"दादा, एक सांगू का? तुमी माह्या मांगं हाव."

मोठ्या बाबांनी ते समजून घ्यायला अर्जुनीपर्यंतचा रस्ता घेतला. "थांबव गाडी" असं ते म्हणाले तेव्हा नीतूनं ती कॅम्पच्या मैदानात थांबवलेलीच होती.

तपासणारे साहेब आत डोकावले. "मी कुठं बसू?"

कोणी उतरेना. शेवटी लहान म्हणून गजेंद्रकाका उतरले. "मी नसन तं माहं सिलिंडर बी नाई," ते म्हणाले, बोनेट उघडलं, चार नंबरची वायर काढली आणि ती घेऊन लिंबाखाली जाऊन बसले. साहेबांनी हे पाहिलं आणि मुकाट त्यांच्या जागी जाऊन बसले. बहुधा त्यांनाही भाऊ असावेत.

गाडी तीन सिलिंडरवर थरथरत आठचा आकडा फिरली. मागे मोठे बाबा "मी पहिला" म्हणत होते, लीलाधरबाबा "मातीत काढून दाखवतो" म्हणत होते, माझे बाबा खिडकीबाहेर पाहत होते. नीतूनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, गाडी बंद पडू दिली नाही, उतारावर मागेही जाऊ दिली नाही.

"एवढ्या गोंधळात जी चालवते," साहेब उतरताना म्हणाले, "ती शाळेची पोरं सहज नेईल." आणि त्यांनी सही केली.

परतण्याआधी मोठ्या बाबांनी कॅम्पातल्या बाकावर बसून त्याच साहेबांच्या नावे एक अर्ज लिहिला. मी टाइप करून देतो म्हटलं तर नको म्हणाले, हातानंच लिहिला. त्याचा शेवट असा:

"सबब, नम्र विनंती की, सदर वाहनाच्या इंजिनाने मोजणीस प्रारंभ सिलिंडर क्रमांक एकपासूनच करावा, असे लेखी आदेश इंजिनास देण्यात यावेत, आदेश होईपर्यंत दिनांक गुरुवार रोजीचा प्रवास ग्राह्य धरण्यात येऊ नये, आणि आदेशाची एक प्रत सिलिंडर क्रमांक दोन यांना माहितीस्तव व योग्य त्या समजुतीस्तव पाठवण्यात यावी."