एलीशा ब्रदरचं पापाचं पाणी

"अल्लेलुया!" अख्खा हॉल एका दमात ओरडला. व्यासपीठावरच्या बाईनं घंगाळातल्या स्वच्छ पाण्यात हात बुडवले होते आणि बाहेर काढले ते रक्ताळल्यासारखे लाल!

"मनात राग धरलास ना, भगिनी?" एलीशा ब्रदर माईकवर गरजला. "हे न केलेल्या क्षमेचं रक्त! क्षमा कर आणि शेजारच्या पाण्यात धू!"

बाईनं रडत रडत सासूला माफ केलं, दुसऱ्या घंगाळात हात घातले. लाली गेली. मग काय, नुसता कल्लोळ!

मी नागपूरची रुचिरा, इकडे दक्षिणेत एन्नोरच्या वीजकेंद्रात पाणी तपासायची नोकरी करते. या प्रार्थनेत माझं काय काम? पण माझी घरमालकीण अरोक्यम्मा, मासळी विकणारी, तिची मुलगी जेसिंता मला अक्का म्हणते. आज तिला एकटीला सोडवेना. नवऱ्यानं बरगडी मोडली म्हणून ती माहेरी आलेली. ब्रदरनं सांगून ठेवलं होतं, हात लाल झाले तर आजच्या आज नवऱ्याबरोबर परत जायचं. तो नवरा, सिलुवै, बाहेर रिक्षा थांबवून पहिल्या रांगेत बसला होता.

आधी त्यानंच हात बुडवले. काही झालं नाही.

"बघा! याच्या मनात तिळभर किल्मिष नाही!" ब्रदर म्हणाला. माझ्या अंगाची आग झाली.

मग जेसिंता. हात मनगटापर्यंत लाल. ती आईकडे वळली.

"अम्मा, मी माफ केलंय गं त्याला. रोज प्रार्थनेत करते. देवाशप्पथ!"

"हात खोटं बोलत नाहीत," ब्रदरनं ठणकावलं. "परत जाणं हीच क्षमा!"

अरोक्यम्मानं तोंडाला पदर लावला. "जा बाई. देवापुढं आपलं काय चालणार?"

सिलुवैनं उठून जेसिंताचा दंड धरला.  आणि एकदम माझ्या लक्षात आलं, सकाळपासून एकाही पुरुषाचे हात लाल झाले नव्हते. पुरुष सगळे संत आणि बायका तेवढ्या पापी? हा कुठला न्याय?

"अरोक्यम्मा, दुपारच्या जेवणाचे मासे कुणी साफ केले?"

"आम्ही सगळ्या बायकांनी, जेसिंतानंसुद्धा. ब्रदर म्हणाले, आधी सेवा, मग प्रार्थना."

"हळद लावून?"

"हळदीशिवाय कुणी मासा धुतं का?"

"मग तीच हळद ब्रदरच्या हाताला लाव आणि बुडव."

"अविश्वासी बाई! हिला बाहेर काढा!" ब्रदर किंचाळला. दोन स्वयंसेवक माझ्यावर धावले. पण तोवर अरोक्यम्मा स्वयंपाकघरातून मूठभर हळद घेऊन आली होती. तिनं ब्रदरचं मनगट धरलं, हळद चोळली, हात पाण्यात दाबला.

लालभडक!

माझ्यावर धावलेले स्वयंसेवक मागं सरले.

मी माईक घेतला. "हे पाणी म्हणजे चुन्याची निवळी. धुतल्यावरही हाताला राहिलेली हळद चुन्यानं लाल होते, कुंकू असंच करतात. दुसऱ्या घंगाळात लिंबू पिळलंय, त्यानं लाली जाते. ब्रदरनं मासे फक्त बायकांना साफ करायला लावले. झाला चमत्कार!"

"मग आमचा विश्वास खोटा?" एका म्हातारीनं कळवळून विचारलं.

"नाही हो पाट्टी. तुमचा विश्वास तुमचा, त्याला कोण हात लावतंय? पण माफ केलं की नाही ते आपल्या मनाला ठाऊक असतं, घंगाळाला काय कळणार? चमत्कार दाखवून कुणी पोरीला मार खायला धाडत असेल, तर मान डोलवू नका. प्रश्न विचारा. पाणी तपासून बघा."

सिलुवैनं अजून दंड सोडला नव्हता. जेसिंतानं त्याची बोटं एकेक करून सोडवली. 

"मी तुला माफ केलंय," ती त्याला म्हणाली. "पण घरी येणार नाही. आणि उद्या पोलिसात तक्रार देणार आहे."