कोणतं नाव लिहू?

लातूरच्या डाळमिलच्या कारकुनानं, संगप्पानं, थुंकी लावून पान उलटलं आणि बोट ठेवलं ते नेमकं रिकाम्या रकान्यावर.

"नॉमिनी भरलेलाच न्हाई, ताई."

रत्नम्मा पुढं वाकली. वर नवऱ्याची, वीरेशची, सही होती, शेवटच्या अक्षराचा पाय लांबवर ओढलेली. खाली वारसाच्या नावापुढं नुसती रेघ. फेब्रुवारीत तो वारला होता. सात वर्षांचा संसार, आणि डाळमिलच्या फंडाच्या कागदावर त्याला तीन अक्षरं सुचली नव्हती. तिनं लेकीला, साक्षीला, उगाचच मांडीवर ओढलं. शेजारी सासू, मल्लम्मा, तोंडाशी पदर धरून बसली होती.

"मग पैसे बुडाले का?"

"बुडायला काय झालं. नाव नसलं की घरच्यांना सारखं वाटून मिळतं. तुम्ही, लेकरू, आन् मावशी त्याच्याच जिवावर होत्या म्हणून त्याबी. कागद तेवढे जास्त लागतात." संगप्पानं आधार कार्ड आणि रेशन कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. "पण हे काय? इथं दामिनी, तिथं रत्नम्मा. दोन बायका केल्या होत्या का काय वीरेशनं?"

साक्षी तेवढी हसली.

माहेरी, अहमदपूरला, रत्नम्मा दामिनी होती. लग्नात वीरेशनं ताटातल्या तांदळात अंगठीनं रत्नम्मा लिहिलं. ते मल्लम्माच्या आईचं नाव. चाकूरच्या घरात त्यानंतर दुसरं नाव कुणी उच्चारलं नाही. लातूरच्या नर्सिंगच्या प्रवेशयादीत मात्र दामिनीच होती. फी या फंडातूनच भरायची होती. आणि साक्षीला सांभाळायचं म्हटल्यावर मल्लम्मा हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती.

"मी म्हणलो होतो त्याला, लिही की बायकोचं नाव," संगप्पा आठवत म्हणाला. "म्हणला, कोणतं लिहू? घरी विचारून सांगतो. दर पगाराला आठवण करायचो, हसून जायचा."

"मला कधी विचारलं नाही," रत्नम्मा म्हणाली.

"मला विचारलं होतं."

मल्लम्मानं तोंडावरचा पदर काढला होता.

"मी म्हणले, रत्नम्माच लिही. तो म्हणला, आई, कागदावर ती दामिनी हाय, पुढं तिलाच तरास होईल. मी दोन दिवस जेवले न्हाई. मग त्यानं काहीच लिहिलं न्हाई."

मागच्या शेडमधून डाळ भरडल्याची घरघर येत होती. रत्नम्मानं त्या रिकाम्या रेघेवरून बोट फिरवलं, तांदळातून फिरवावं तसं.

संगप्पानं घसा साफ केला. "दोन्ही नावं एकाच बाईची, असं शपथपत्र लागंल. सासरचं माणूस पाहिजे सांगणारं. मावशी, हिचं खरं नाव काय लिहू?"

मल्लम्माचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला.

"दामिनी." नवं भांडं हाताळावं तसं तिनं ते सावकाश उच्चारलं. "दामिनीच लिही. रत्नम्मा मी म्हणते."

बाहेर चाकूरच्या बसची वाट बघताना साक्षीनं विचारलं, "अज्जी, दामिनी कोण?"

मल्लम्मा तिच्या फ्रॉकची मागची गुंडी लावत होती.

"तुझी आई. ती हितं लातूरला शिकायला येणार हाय." गुंडी काजात बसेना. ती बसेपर्यंत मल्लम्मा थांबली. "तू आजपासून माझ्यापाशी निजत जा. सवय पाहिजे."