लिव्हरच्या टोकाला

दादाच्या मोटरसायकलसाठी गार्ड निवडायचा होता आणि मला नुसतं पडून राहायचं होतं. सकाळपासून चेन, टायर, तेल सगळं उरकताना कंबर बोलायला लागली होती. उद्या शर्यत. पाच वाजता तपासनीस येणार, तोवर ब्रेकच्या लिव्हरला गार्ड बसवून कागदावर मेकॅनिकची, म्हणजे माझी, सही व्हायला हवी होती. जुना गार्ड परवाच्या सरावात तडकला होता.

गार्ड म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. हँडलच्या टोकाला बसवलेली, लिव्हरच्या पुढे वळलेली वीतभर पट्टी. शर्यतीत गाड्या एकमेकींना खेटून पळतात. शेजारच्याचं हँडल आपल्या लिव्हरवर आदळलं, की पुढचं चाक जागच्या जागी आवळतं आणि माणूस गाडीवरून फेकला जातो. दोन वर्षांपूर्वी दादा असाच फेकला गेला. तेव्हा गार्ड लावायचा नाही. असल्या कुबड्या मला नकोत म्हणायचा. उजव्या हाताची बोटं मोडली आणि मग शहाणपण आलं. शहाणपण त्याला, धावपळ मला. अठरा वर्षं त्याच्या गाड्या मीच बघते.

टेबलावर तीन गार्ड होते. पहिला धातूचा, लखलखीत, मित्रांनी वाढदिवसाला दिलेला.

"हाच बसव," दादा म्हणाला. "जरा शोभा तरी येईल."

"नाकापेक्षा मोती जड. गाडी पडली की हा वाकून लिव्हरवर बसणार. मग ब्रेक सुटायचा नाही."

"पण पडायचंच कशाला?"

"हे मागच्या वेळी सुचायला हवं होतं."

तो हसला. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

दुसरा स्वस्तातला. बसवून हिसका दिला तर स्वतःच्याच स्क्रूभोवती गरगर फिरला. तो खोक्यात परत टाकला. तिसरा काळ्या प्लॅस्टिकचा, दिसायला अगदीच बावळट. पण टोक गोल, कशात अडकणार नाही असं, आणि मोठा मार बसला तर स्वतः तुटेल, लिव्हरला धक्का लागू देणार नाही. मी तो बसवला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं, लिव्हर दाबून सोडून पाहिला. मध्ये बोटभर फट राहत होती. सुटले बाई एकदाची, असं वाटलं.

"बसून बघ," मी म्हणाले.

तो बसला, ब्रेक दाबला आणि तोंड वाकडं केलं. "करंगळीला लागतोय. लहान आहे हा."

गार्ड लहान नव्हता. असले पन्नास तरी मी लोकांच्या गाड्यांना बसवले असतील. तरी सैल करून थोडा बाहेर सरकवला. पुन्हा लागला. धातूचा लावून पाहिला, तोही लागला. मग माझं डोकं फिरलं. मी लिव्हरवर ग्रीसचा पातळ हात फिरवला.

"वळण आलंय असं समज. शर्यतीत दाबतोस तसा दाब."

"ग्लोव्हज खराब होतील."

"ते धुतं कोण?"

त्याने दाबला आणि हात काढून घेतला. दोन बोटांचे ठसे लिव्हरच्या मधोमध उमटायला हवेत. तिथलं ग्रीस जसंच्या तसं होतं. ठसे पार टोकाला होते. लिव्हर टोकाला धरला की कमी जोर पुरतो, हे कुणाही मेकॅनिकला कळतं. त्यासाठी त्याने अख्खा हात बाहेर सरकवला होता, आणि म्हणून करंगळी गार्डच्या मुळाशी चेपत होती. मी कचऱ्याच्या डब्यातून तडकलेला जुना गार्ड काढला. आतून कानशीने घासून पातळ केलेला होता. घासला होता म्हणूनच तडकला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने ग्लोव्हला लागलेलं ग्रीस फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "थंडी सुरू झाल्यापासून. बोटांत जोरच येत नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तरीणबाई."

मला भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती.

"हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सही गाडीची आहे, माझी नाही. गाडी ठीक आहे ना?"

गाडी उत्तम होती. खरं सांगते, सही करून टाकावी असंच वाटलं. सहीला दोन सेकंद लागतात. दादाशी भांडण वर्षभर पुरतं, आणि वर्षभर भांडायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती. मी पेन उचललं. मग डावा हात त्याच्यापुढे धरला.

"माझं मनगट धर. ब्रेक दाबतोस तेवढ्याच जोरात दाब. मला दुखलं, की लगेच सही करते."

"वेडी आहेस का?"

"धर."

त्याने ग्लोव्ह काढला आणि माझं मनगट धरलं. लहानपणी शाळेचा रस्ता ओलांडताना याच हाताने तो मला ओढत न्यायचा. मनगटावर वळ उठायचे आणि मी घरी जाऊन आईकडे त्याची तक्रार करायचे. आई त्याला रागवायची, आणि दुसऱ्या दिवशी तो तेवढंच घट्ट धरायचा.

मी वाट पाहिली. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि बंद पडली. दादाच्या कपाळावर घाम आला होता.

"दाब की," मी म्हणाले.

"दाबतोय," दादा म्हणाला.