खडीचा रकाना

विनिपेगच्या एका छोट्या विमान कंपनीत डोरीन कोवाल्चुकने सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं. कुठलं विमान ठेवायचं, कुठलं काढायचं आणि त्याच्या जागी कुठलं आणायचं, ते ठरवायचं. म्हणजे ठरवायचे वरचे लोक. ते जमेल की नाही हे डोरीनने सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं नाही, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती.

नवे अध्यक्ष ग्रँट हॅल्वर्सन सरबताच्या कंपनीतून आले होते. तिथे त्यांनी अकरा चवींच्या तीन करून दाखवल्या होत्या. इथे आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की यापुढे ताफ्यात एकाच जातीची जेट विमानं. सगळे वैमानिक सगळी विमानं चालवणार, सुटे भाग एकाच कपाटात मावणार. कल्पना वाईट नव्हती, डोरीननेही मान डोलावली होती. प्रश्न होता दोन म्हाताऱ्यांचा. चाळीस वर्षांच्या त्या दोन पंखेवाल्या विमानांना कंपनीत सगळे म्हाताऱ्याच म्हणत. दिसायला बेढब, आवाज पिठाच्या गिरणीचा, पण उत्तरेला ऑटरस्टोन गावच्या खडीच्या धावपट्टीवर खुशाल उतरायच्या. बाकी कुणाची ती छाती नव्हती.

जानेवारीत व्हर्ना बियर्डीचा फोन आला. व्हर्ना ऑटरस्टोनच्या क्री या मूळनिवासी लोकांच्या गावसभेत होती आणि तिथल्या विमानतळाची तिकिटांची एकुलती एक खिडकीही तीच सांभाळायची.

"डोरीन, खरं सांग. म्हाताऱ्या काढताय म्हणे?"

"बोलणं चाललंय."

"तुमची बोलणी मला चांगली ठाऊक आहेत. हे बघ, आमच्या जोसीचे दिवस जूनमध्ये भरतात. मोठा दवाखाना तुमच्याकडे, गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फाचा रस्ता तोवर वितळलेला. नातीला काय पोहत पाठवू?"

"विमान येईल गं. शब्द देते."

डोरीनने शब्द दिला खरा. शब्द पाळणं तिच्या हातात होतंच कुठे?

संचालकांच्या बैठकीला टोरंटोचे सल्लागार आले. पडद्यावर त्यांचा तक्ता झळकला: गावाचं नाव, धावपट्टीची लांबी, प्रवासी. ऑटरस्टोनपुढे छान हिरवा ठिपका होता.

"लांबी पुरते," एक सल्लागार म्हणाला.

"लांबी पुरते हो, पण पट्टी खडीची आहे," डोरीन म्हणाली. "जेटची इंजिनं जमिनीलगत. शेंगदाणे गिळावेत तशी खडी गिळतील."

"मुद्दा उत्तम आहे. पण खडीचा चौथा रकाना पानावर मावत नाही. संचालकांना तीनच आवडतात."

"मग अक्षर बारीक करा की!"

"डोरीन, तुम्ही फार अडचणी काढता बुवा," ग्रँट हसून म्हणाले, आणि त्यांच्यामागोमाग सगळे हसले.

विमानांवर चार मिनिटं चर्चा झाली. विमानांच्या शेपटीवर रंगवायच्या पाणपक्ष्याला कुठला हिरवा द्यायचा, यावर चाळीस. म्हाताऱ्या विकायचं काम साहजिकच डोरीनकडे आलं. ती खाली गेली आणि विक्रीची जाहिरात लिहायला बसली. नियमाप्रमाणे ती सगळ्यांना धाडायची असते. डोरीनने ती खरोखरच सगळ्यांना धाडली, ऑटरस्टोनच्या गावसभेलासुद्धा. भंगारवाल्याने भंगाराचा भाव दिला, गावसभेने त्याहून बरा. डोरीनने मंजुरीचा कागद केला: विमानाचा क्रमांक, वय, किंमत. तीनच रकाने. घेणाऱ्याचं नाव काही त्या पानावर मावलं नाही. ग्रँटनी कौतुकाने सही ठोकली.

"बघा, जमतं की तुम्हाला!"

म्हाताऱ्यांबरोबर त्यांचे दोन म्हातारे वैमानिकही गेले. नव्या कपाटात त्यांना खण नव्हता.

जून उजाडला. नव्या जेटने ऑटरस्टोनला पहिली फेरी करायची, ग्रँटनी फीत कापायची, छायाचित्रं काढायची, असं ठरलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी नव्या वैमानिकाने कागद चाळले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"खडी आहे. मी नेणार नाही."

"पण ठिपका हिरवा आहे!" ग्रँट म्हणाले.

"मग ठिपक्यावर उतरवा."

"तिथे दुसरं कोण जातं?" ग्रँटनी डोरीनला विचारलं. डोरीनने हसू न दाखवता गावसभेचं नाव सांगितलं. तासाभराने कंपनीचे अध्यक्ष आपल्याच जुन्या विमानात तिकीट काढून, दुधाच्या खोक्यांना गुडघे टेकवून बसले होते, शेजारी डोरीन. त्याआधी रिवाजाप्रमाणे सामानासकट त्यांना काट्यावर उभं केलं होतं. वजन जास्त भरलं, म्हणून स्वागताचा फलक मागे राहिला. दूध कुणी मागे ठेवत नाही.

ऑटरस्टोनला म्हातारी उतरली, खडी तडतडली. ग्रँटनी फीत कापली, डास मारले आणि अर्ध्या तासात ते परत येऊन जागेवर बसले. तेवढ्यात व्हर्ना एका हाताने जोसीला धरून आणि दुसऱ्या हातात तिची पिशवी घेऊन शिडीपाशी आली. कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या.

विमान भरलेलं होतं. डोरीन उठायला लागली, तर व्हर्नाने खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"तू बस. तिच्या सोबतीला कुणीतरी हवं. साहेब, तुम्ही उतरा."

"मी? अहो, मी अध्यक्ष आहे!"

"इथे पोटुशी आधी, मग दूध, मग अध्यक्ष."

ग्रँट खाली उतरले. त्यांच्या चकचकीत बुटात खडा गेला. मागे डोरीन जोसीचा पट्टा सैल करून बांधत होती.

"पुढचं विमान कधी?" ग्रँटनी विचारलं.

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे हो!"

"मग तुमचं जेट मागवा," बाहेरून विमानाचं दार लावत व्हर्ना म्हणाली. "लांबी पुरते."