आंबाडा तेवढा उरला

मित्रांनो, मी एक जुनं काशाचं नाणं आहे, रोमच्या टांकसाळीतलं. इतक्या जवळ येऊन काय बघता? जो तो मला दगडावर आपटून, दाताखाली धरून पारखत आला. तेव्हापासून माझाही कोणावर विश्वास नाही.

माझ्या एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला त्याची राणी. काय तिचा आंबाडा! ओस्तिया बंदरात वेनेरिया नावाची बाई लोकांचे केस बांधायची. तिने मला खर्चलंच नाही, आरशाशेजारी ठेवलं. बायका यायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या, "अगदी हिच्यासारखा घाल गं!" वेनेरिया मला रोज फडक्याने पुसायची. जगात तिच्या एकटीवर माझा भरवसा होता.

मग राणी सम्राटाच्या मर्जीतून उतरली. तिचे पुतळे फुटले, तिचा चेहरा घरात ठेवणं गुन्हा ठरला. सापडलं तर वेनेरियाच्या जिवावर बेतणार होतं. तिने मला चुलीच्या राखेत पुरलं. पण वेडीच ती! अख्ख्या गल्लीच्या डोक्यांवर राणीचाच आंबाडा मिरवत होता.

शेजारची लोकर कातणारी पापिरिया रोज खोदून विचारायची, "ते नाणं टाकलंस ना? कुठे टाकलंस?" मी राखेत चरफडत असे. हीच सटवी चुगली करणार!

एका सकाळी पापिरिया वेनेरियापुढे केस मोकळे सोडून बसली होती. तेवढ्यात शिपायांनी दार ठोठावलं. तिने सरळ राखेत हात घातला. संपलंच माझं, म्हटलं! तिने मला स्वतःच्या केसांत खुपसलं.

"तुला कसं कळलं?" वेनेरियाने विचारलं.

"रोज तुझ्या नखांत राख. आंधळी आहे का मी? बांध लवकर. आणि साधी वेणी घाल, राणीची नको!"

शिपायांनी घर उलटंपालटं केलं. "ही राख कुणी उकरली?"

"चूल साफ करायला तुझी आई येते का रे?" पापिरिया खेकसली. ते हात हलवत गेले.

वेनेरियाने मला वेणीतून काढून तळहातावर घेतलं. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. तिने केसांचा काटा उचलला आणि राणीचे डोळे, नाक, ओठ खरवडून काढले. रडत होती, पण हात थांबला नाही. आंबाड्याला मात्र तिने काटा लावला नाही.

आता मी संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत आहे. हे कुणा वैऱ्याचं काम, असं इथे सांगतात. मित्रांनो, आम्हा जुन्या नाण्यांना घासून लख्ख करू नका, आणि ओरखडे दिसले की लगेच वैऱ्याचं नाव घेऊ नका. मी पापिरियावर संशय घेतला. तिची माफी मागायची राहूनच गेली.