चार मिनिटे उशिरा सुटलेले औषध

मित्रांनो, रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या चाकाच्या खुर्चीमागे एक फळी आहे. तिच्यावर पडून असलेला जुना सिरिंज पंप तो मीच. माझ्या पाठीवरचा क्रमांक पुसट झाला आहे आणि बॅटरी दहा मिनिटेही टिकत नाही. तरी माझी हकीकत ऐका. ती एका साध्या शब्दाची आहे.

कारखान्यात माझ्या पोटात बारीक आट्यांचा एक दांडा बसवला गेला. औषधाने भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या केसाकेसाने पुढे ढकलत राहायचा, एवढेच माझे काम. माणसाचा हात थकतो, थरथरतो. माझा दांडा नाही. हृदयविकाराचे रुग्ण आणतात त्या खोलीत मी आलो, तेव्हा थोरल्या सिस्टर इतरांना म्हणाल्या, "हा बरा आहे. काम करतो आणि तोंड बंद ठेवतो. शिका जरा याच्याकडून!"

तिथे मला एक विचित्र गोष्ट कळली. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की तिच्या पुढचा स्नायू उपासमारीने मरू लागतो. म्हणून ती तातडीने उघडावीच लागते. पण अडलेले रक्त एकदम परत शिरले की तेच रक्त त्या अर्धमेल्या स्नायूला नवी इजा करते. ही इजा टाळणारे औषध मोठ्या डॉक्टरीणबाई शोधत होत्या. प्राण्यांच्या हृदयांवर ते लागू पडले होते. आता माणसांवर अभ्यास चालू होता. अट एकच होती, रक्त परतण्याआधी औषध अंगात पोहोचले पाहिजे. निम्म्या सिरिंजांत औषध असे, निम्म्यांत नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले ते पाकिटात बंद असे आणि खोलीतल्या कोणालाच ठाऊक नसे.

एके दुपारी आणलेला रुग्ण ओळखीचा निघाला. रुग्णालयाची दारे-खिडक्या दुरुस्त करणारे ते सुतारकाका होते. कानामागची पेन्सिलसुद्धा तशीच होती.

"काका, शिडीवरून उचलून आणलं म्हणे तुम्हाला?" सिस्टरनी पेन्सिल काढून घेत विचारले.

"उतरलो मीच," काका घामाने निथळत म्हणाले. "स्क्रू मात्र अर्धाच राहिलाय. खिडकीखाली कुणाला उभं राहू देऊ नका."

डॉक्टरीणबाईंनी अभ्यासाची माहिती दिली. काकांनी ऐकून सही केली.

आमच्या खोलीत एकच शब्द दोन कामांना चालत असे. औषध 'सोडायचे' आणि अडलेले रक्तही 'सोडायचे'. त्यातून डॉक्टरीणबाई लहानथोर सगळ्यांनाच अहो-जाहो करत. सिस्टर माझ्या नळीतला हवेचा बुडबुडा काढत होत्या. टेबलापाशी धाकटे डॉक्टर बंद रक्तवाहिनीत तार घालून ती उघडायला सज्ज होते. पडद्यावरची नजर न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडा."

म्हणाल्या होत्या त्या सिस्टरना. ऐकले धाकट्या डॉक्टरांनी.

"सोडलं," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"काय सोडलं?" सिस्टर ओरडल्या. "अहो, माझी नळी अजून बंद आहे!"

मी सुरू झालो तेव्हा रक्त परतून चार मिनिटे झाली होती. मी माझे काम नेहमीसारखेच चोख केले. त्याचा कधी एवढा खेद वाटला नव्हता.

"मॅडम, कागदावर काय लिहू?" धाकट्या डॉक्टरांनी विचारले.

"झालं ते लिहा. चार मिनिटं. आणि अर्धवट हुकूम मी दिला होता, हेही लिहा."

काका वाचले, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खाटेशी बसून सगळे खरे सांगितले.

"म्हणजे भोक पाडायच्या आधीच स्क्रू पिळला," काका म्हणाले. "लाकूड चिरतं त्यानं."

"हो, काका."

"त्या सिरिंजमध्ये औषध होतं की पाणी?"

"पाकिटं उघडेपर्यंत मलाही कळणार नाही."

"मग पाणीच असू दे, बाई. तुमच्या जिवाला घोर नको."

दोन वर्षांनी पाकिटे उघडली. काकांच्या सिरिंजमध्ये औषधच होते. पण सगळ्या रुग्णांचा हिशेब मांडल्यावर औषध आणि पाणी यांत फरकच दिसला नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद मिटला आणि माझ्या डोक्यावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या. चार मिनिटे आधी मी सुरू झालो असतो तर काकांचे हृदय वाचले असते का? याचे उत्तर कोणत्याच पाकिटात नव्हते. अभ्यास बंद झाला, रंगीत पडद्यांचे नवे पंप आले आणि माझी रवानगी इथे झाली. त्या खोलीत मात्र तेव्हापासून 'औषध सोडा' आणि 'रक्त सोडा' असे पूर्ण बोलतात.

गेल्या महिन्यात ही फळी एका बाजूने निखळली. ती बसवायला काका आले. आता त्यांना बसून करायचीच कामे देतात. त्यांनी मला उचलले, बाहीने माझी काच पुसली आणि म्हणाले, "तूच का रे तो? तुझा काय दोष!" मग आधी भोक पाडले, नीट फुंकून भुसा काढला आणि स्क्रू लावला. दर दोन वेढ्यांनंतर ते थांबून श्वास घेत होते. शेवटी पेचकस खाली ठेवत म्हणाले, "उरलेलं उद्या."

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, पण आपले बोलणेही तितकेच जपा. ज्याला सांगायचे त्याच्याकडे पाहून सांगा, आणि काय करायचे ते पूर्ण सांगा. आम्हा यंत्रांना चूक कळली तरी ओरडता येत नाही.

काका पुन्हा आले नाहीत. माझ्या फळीचा स्क्रू अजून अर्धाच आहे.